सबनीस भाऊजींचे दोन बॉम्ब

सबनीस भाऊजी आमच्याकडे पहिल्यांदा आले ते सरळ स्वयंपाकघरात. मी स्टोव्हला हवा भरत होते. लग्न होऊन कलकत्त्याला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. डमडमच्या त्या घरात आमच्या दोघांशिवाय तिसरं कोणी मराठी बोलणारं असेल अशी मला कल्पनाच नव्हती. एक उंच, काटकुळा, खाकी हाफपँटमधला माणूस दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, हात मागे घ्या. वॉशर गेलाय त्याचा. जिन्यापासून आवाज ऐकू येतोय."

मी घाबरून हात मागे घेतला. त्यांनी स्टोव्हची हवा सोडली, खिशातून चामड्याचा तुकडा काढून कातरला, बसवला, स्टोव्ह पेटवून दाखवला. "मी सबनीस. खालच्या खोलीत राहतो. विमानतळावर मेकॅनिक आहे," एवढं सांगून निघालेही. मी चहाचं विचारलं तेव्हा ते जिना उतरत होते.

आमचे हे विमानतळावरच्या हवामान कचेरीत होते. त्यांनी संध्याकाळी सांगितलं, "सबनीस ना? सांगलीकडचा. लढाईत हवाई दलात होता. कामाला चोख, पण एका जागी ठरत नाही. तीन कंपन्या बदलल्या त्याने." आणि मग म्हणाले, "माणूस चांगला आहे. थोडा घुमा आहे."

घुमा मुळीच नव्हते ते. बोलायला लागले की बोलत सुटायचे, पण वाक्य पुरं व्हायच्या आत डोकं वर जायचं. आमच्या घरावरून विमानं इतक्या खालून जायची की फडताळातल्या बशा वाजायच्या. भाऊजी कान देऊन सांगायचे, "डाकोटा. डावं इंजिन तेल पितंय." दुसऱ्या दिवशी हे कचेरीतून येऊन म्हणायचे, खरंच हो, त्या डाकोटाचं डावं इंजिन उतरवलंय. जेवायला बोलावलं तर भाऊजी पाच मिनिटांत ताट रिकामं करायचे आणि हात धुवायच्या निमित्ताने गच्चीत जायचे. सांगलीहून त्यांच्या आईची पत्रं यायची, मुलींच्या स्थळांची. ती वाचून ते माझ्याकडे द्यायचे. "वहिनी, तुम्हीच कळवा. म्हणावं, मुलगा सध्या कामात आहे." कोणत्या कामात, ते मी विचारायचे नाही.

त्यांची एक सवय मला फार दिवस कळली नव्हती. घराबाहेर पडताना, कुलूप लावताना, कोणतंही काम संपवताना ते स्वतःशी पुटपुटायचे, "पिन?" आणि डाव्या मुठीकडे बघायचे. मूठ रिकामी असायची.

घरमालकीण माशीमा मूळच्या चितगावच्या. लग्न होऊन कलकत्त्यात चाळीस वर्षं काढली तरी बोली तिकडचीच राहिली होती. मी बंगाली बोलायला-लिहायला शिकले ते त्यांच्याकडून. त्यामुळे बाजारात मी तोंड उघडलं की मासळीवाल्या हसायच्या. मराठी बाई आणि बोलते चितगावचं! पुढे हेच माझं अर्धंमुर्धं चितगावचं बंगाली भाऊजींच्या कामाला येणार होतं. तेव्हा मला ते वेड्यासारखं वाटायचं.

कालीपूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. अंगणात आदल्या दिवशीच्या फटाक्यांचा कचरा पडला होता. माशीमा झाडू घेऊन वाकल्या आणि खालून भाऊजी एवढ्या जोरात ओरडले की कावळे उडाले. "हात लावू नका!" कचऱ्यात सुतळीचा एक मोठा फटाका न वाजता पडलेला होता. वात जळून आत गेलेली. भाऊजींनी माशीमांना दंडाला धरून पायरीवर आणलं. त्या फटाक्याभोवती विटा रचल्या, बादलीभर पाणी ओतलं, आणि मग कामावर न जाता दुपारपर्यंत अंगणाच्या फाटकाशी उभे राहिले. दूधवाला आला, त्याला बाहेरूनच परत पाठवलं. माशीमा म्हणाल्या, "अरे बाबा, एवढासा फटाका!"

"वाजला तो गेला, माशीमा," भाऊजी मोडक्या बंगालीत म्हणाले. "न वाजलेल्याजवळच माणसं जातात."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी लिंबूसरबत दिलं तेही त्यांनी फाटकाशी उभ्यानेच प्यायलं.

त्याच आठवड्यात रविवारी दुपारी त्यांनी आम्हां दोघांना सगळं सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. खोलीत येरझारा घालत सांगत होते आणि मी मध्येच सुपारी कातरायची थांबले ते शेवटपर्यंत थांबलेच.

ते हवाई दलात आर्मरर होते. म्हणजे विमानांना बॉम्ब लावणारे. चितगावच्या दक्षिणेला भातखाचरं सपाट करून धावपट्टी केली होती. तिथे व्हेंजन्स जातीची विमानं होती. अमेरिकेत बांधलेली, खोक्यांतून बोटीने आलेली, कराचीला जोडलेली. "बोजड," भाऊजी म्हणाले, "सतत तेल गळायचं. पण सरळ खाली सूर मारायची, घारीसारखी, आणि बॉम्ब सोडून वर यायची." त्यांच्याकडे होतं ते 'के' विमान. शेपटीवर के अक्षर. त्याच्या पोटाच्या दाराला भोक पडलं तेव्हा भाऊजींनी बिस्किटांच्या डब्याचा पत्रा ठोकून बुजवलं होतं.

"बॉम्ब लावला की वर सुरक्षेची पिन असते. विमान निघायच्या आधी आम्ही ती काढायची आणि पायलटला वर धरून दाखवायची. त्याने मान हलवली की आपलं काम संपलं." ते डाव्या मुठीकडे बघत होते.

मग ते त्या दिवसाकडे आले. जपानी सैन्याची वाट बंद करायची म्हणून 'के'च्या पोटात दोन बॉम्ब लावायचा हुकूम आला. साधे नव्हेत, उशिरा फुटणारे. बॉम्बच्या शेपटीत एक काचेची कुपी, कुपीत ॲसिटोन. बॉम्ब पडताना कुपी फुटते. ॲसिटोन सेल्युलॉइडच्या चकतीवर झिरपतं, चकती हळूहळू मऊ होते, आणि ती तुटली की आतला खिळा सुटतो. "चकती जाड घातली की वेळ जास्त. मी छत्तीस तासांची घातली. दोन्हीत. माझ्या हाताने. आणि कोणी तो भाग उलटा फिरवून काढायला गेलं तर तिथल्या तिथे उडतं."

"मग?" ह्यांनी विचारलं.

"विमान परत आलं. पोट रिकामं. पायलट म्हणाला, ठरल्या जागी ढग होते, मग ब्रह्मदेशातल्या मायू नदीच्या कुठल्याशा घाटावर टाकले. मी जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी उठल्यापासून घड्याळ बघत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी छत्तीस तास भरले तेव्हा मी इंजिनाचा पत्रा धूत होतो. एवढंच. काही ऐकू येणार नव्हतंच. शंभर मैल लांब." ते माझ्याकडे वळले. "तेव्हापासून मला बघायचंय, वहिनी. कोण होतं तिथे. बाकीचे बॉम्ब मी लावले ते पडले, फुटले, झालं. ह्या दोघांना मी थांबायला सांगितलं होतं."

आमच्या ह्यांनी त्यांना समजावलं, लढाई होती, हुकूम होता. भाऊजींनी सगळं मान्य केलं. त्यांनी वाद घातलाच नाही, म्हणूनच मला समजलं की समजावण्याचा उपयोग नाही.

विमानाचा शोध आधी लागला. मला भांडी घ्यायची होती म्हणून आम्ही तिघं हावड्याला एका ओळखीच्या कारखान्यात गेलो. लढाईनंतर मोडीत काढलेल्या विमानांचा पत्रा वितळवून तिथे डेगच्या आणि पातेली करायचे. मागच्या आवारात पत्र्यांचा ढीग होता. मी झाकणं बघत होते तेवढ्यात ह्यांनी मला कोपराने डिवचलं. भाऊजी ढिगासमोर गुडघ्यावर बसले होते आणि वाकड्या झालेल्या एका पत्र्यावरून बोटं फिरवत होते. त्या पत्र्याला बिस्किटांच्या डब्याचं ठिगळ होतं. ठिगळावर अजून निळ्या फुलाची अर्धी पाकळी दिसत होती.

"हेच," ते म्हणाले. "हे रिव्हेट माझे आहेत. चौथा वाकडा बसला होता."

कारखानदार भला माणूस होता. म्हणाला, "घेऊन जा दादा, आठवण म्हणून." भाऊजींनी 'नको' म्हणून मान हलवली. भट्टीवरच्या माणसाने तो पत्रा उचलला, तेव्हा ते मागोमाग गेले आणि पत्रा दुमडून, काळवंडून, वितळून जाईपर्यंत बघत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "विमानाचं कळलं. ते सुटलं."

त्यानंतर भाऊजींचं वेड वाढलंच. त्या दिवशी 'के' चालवणारा पायलट, भल्ला, आता प्रवासी विमानं चालवत होता. तो डमडमला उतरला तेव्हा भाऊजींनी त्याला धावपट्टीवरच गाठलं. तो चिडला. "सबनीस, इतकी वर्षं झाली, विसर ना!" पण भाऊजी हलेनात, तेव्हा त्याने डोळे मिटून आठवलं. नदीचं वळण, टेकडीवर पांढरा पगोडा, आणि घाटावर एकमेकींकडे झुकलेल्या दोन ताडांची जोडी.

मग दर रविवारी भाऊजी खिदिरपूर बंदरावर जायला लागले. ब्रह्मदेशाची, म्हणजे रंगूनची किंवा अक्याबची आगबोट लागली की धक्क्याबाहेरच्या चहाच्या दुकानांत बसलेल्या खलाशांना ते विचारायचे, मायू नदी माहीत आहे का, पांढरा पगोडा, दोन ताड? लोक हसायचे. कोणी वेडा म्हणायचे, कोणी सरकारचा माणूस समजून गप्प व्हायचे. बोली कळली नाही की भाऊजी पुढच्या वेळी मला घेऊन जायचे. हे कुरकुरले, पण "जा" म्हणाले. जवळजवळ दोन वर्षं हे चाललं होतं. मला ऊन लागायचं, कोळशाची धूळ नाकात जायची, आणि कोणी "नाही" म्हटलं की मला आतून बरं वाटायचं. ते मी भाऊजींना कधी सांगितलं नाही.

कासीम भेटला तो पौष महिन्यातल्या एका सकाळी. अक्याबच्या बोटीवरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. तिशीचा, गोल चेहऱ्याचा, गळ्यात तांबडा मफलर. भाऊजींनी ताडांचं विचारलं तसा तो सहज म्हणाला, "एक ताड राहिलाय आता. ते आमचं गाव."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "दुसरा कशाने पडला?"

कासीमने चहा बशीत ओतला आणि सांगायला लागला. बोली माशीमांसारखीच, त्यामुळे मला शब्दन् शब्द कळत होता. संध्याकाळी विमान आलं तेव्हा सगळं गाव टेकडीमागे पळालं. दोन बॉम्ब पडले, दोन्ही चिखलात रुतले, एकही फुटला नाही. लोक म्हणाले, मेलेले आहेत. रात्र गेली, दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे घाटावर परत आले. नावाडी होडीला डांबर लावत होता. कासीमची मोठी बहीण सकीना भांडी घासायला उतरली होती. तेव्हा एक फुटला. नावाडी गेला, सकीना गेली, आणखी एक म्हातारा गेला. ताड पडला तो तेव्हाच.

तो बोलत होता आणि मी मनात शब्द जुळवत होते. खोटे शब्द. 'कोणी नव्हतं घाटावर' एवढं म्हटलं असतं तर भाऊजी घरी आले असते, सांगलीच्या मुलीशी लग्न केलं असतं. मी तोंड उघडलं, आणि भाऊजी म्हणाले, "वहिनी, जसं आहे तसं."

मी जसं होतं तसं सांगितलं.

ते ऐकून त्यांनी टेबलावर दोन्ही तळहात पालथे ठेवले. "त्याला सांगा, ते मी लावले होते."

"भाऊजी, कशाला?"

"सांगा."

मी सांगितलं. कासीमची बशी ओठांपाशी थांबली. त्याने ती खाली ठेवली. रागावेल, उठेल, मारेल असं मला वाटलं. त्याने भाऊजींचे हात बघितले आणि फक्त एक प्रश्न विचारला. "तेव्हाच का नाही फुटले? तेव्हा तिथे कोणी नव्हतं. माझी आई अजून विचारते, ते थांबले कशाला?"

हा प्रश्न मी मराठीत करून सांगितला तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला. भाऊजींनी उत्तर द्यायला वेळ लावला नाही. बहुधा वर्षानुवर्षं तयार होतं ते. "लोक परत यावेत म्हणून. त्यासाठीच तसे बनवतात. जपानी परत येतील असा हिशेब होता. बॉम्बला माणूस ओळखता येत नाही."

कासीमने ऐकलं. मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. "दुसरा अजून तिथेच आहे," तो म्हणाला. "चिखलात. त्या दिवसापासून घाटावर कोणी उतरत नाही. बायका पाण्यासाठी पार वळसा घालून जातात. गेल्या पावसात एक म्हैस तिथे गेली, तर लोकांनी तिला हाकासुद्धा मारल्या नाहीत, नुसते लांबून बघत बसले."

भाऊजी उठून उभे राहिले. "मला घेऊन चल."

"माझ्या आईला तुम्ही सांगायचं," कासीम म्हणाला. "मी नाही सांगणार."

परवानगीची कागदपत्रं व्हायला सहा महिने लागले. ब्रह्मदेशात जाणं आता सोपं नव्हतं, आणि त्या भागात तर बंडाळी चालली होती. भाऊजींनी नोकरी सोडली. ह्यांनी त्यांच्यासाठी कचेऱ्यांतून खेटे घातले, इंग्रजीत अर्ज लिहिले, आणि दर अर्जाच्या शेवटी म्हणाले, "मी ह्याला मरायला मदत करतोय." माशीमांनी मुरमुऱ्यांचे लाडू बांधून दिले. मी सांगलीला पत्र लिहिलं, की मुलगा कामासाठी परगावी जातोय. ह्या वेळी ते खरं होतं.

आम्ही खिदिरपूरला पोचवायला गेलो. भाऊजी बोटीच्या शिडीवरून चढले, आणि वरून ओरडून म्हणाले, "वहिनी, स्टोव्हचा वॉशर दिवाळीत बदला!"

पाच महिन्यांनी कासीम आमच्या दारात उभा राहिला. हातात भाऊजींची चिठ्ठी, डोक्यावर वाळक्या मासळीची टोपली, ती माशीमांसाठी. मी त्याला पाणी दिलं आणि चिठ्ठी न उघडताच विचारलं, "जिवंत आहेत?"

"आहेत," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. भाऊजी गावात गेले त्याच दिवशी आईसमोर बसले. कासीम बोली जुळवून सांगत होता. आईने सगळं ऐकलं, भाऊजींकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तीन दिवस ती त्यांच्यासमोर आली नाही. गावातले काही तरुण त्यांना नदीत ढकलायला निघाले होते. गावच्या मुखियाने अडवलं. म्हणाला, आधी याला काम करू द्या. भाऊजी अक्याबला जाऊन लष्कराच्या माणसांना घेऊन आले. त्यांच्या अधिकाऱ्याला बॉम्ब बाहेर काढायचा होता. भाऊजी आडवे आले. म्हणाले, काढायला गेलात तर जाल, आतल्या खिळ्याला मीच ओळखतो. शेवटी बॉम्ब जिथे होता तिथेच ठेवून भोवती वाळूच्या पोत्यांची भिंत रचली, गाव टेकडीमागे नेलं, आणि तिथेच उडवला.

"आवाज झाला," कासीम म्हणाला, "आणि आई सगळ्यांच्या आधी घाटाकडे चालायला लागली. खड्ड्यात पाणी भरत होतं. ती काठावर बसून ते बघत राहिली. मग घरी आली आणि त्यांना भात वाढला. बोलली काहीच नाही. अजूनही बोलत नाही त्यांच्याशी. पण भात वाढते."

माशीमा डोळ्यांना पदर लावून ऐकत होत्या. हे म्हणाले, "झालं ना काम? मग परत का नाही आला?"

कासीमने चिठ्ठीकडे बोट केलं. पेन्सिलने लिहिलेली, चार ओळींची. 'वहिनींना सा. न. नदीच्या वरच्या अंगाला आणखी सात गावं आहेत. प्रत्येक जण सांगतो, आमच्याकडेही एक आहे. माझे किती, दुसऱ्यांचे किती, ठाऊक नाही; सगळेच सारखे. लाल तैलरंगाचे डबे पाठवा, आणि तुमच्या बंगालीत मोठ्या अक्षरांत लिहून द्या. मी पाट्यांवर गिरवीन.'

काय लिहायचं ते खाली होतं. इथे खणू नका. होडी बांधू नका. मुलांना पाठवू नका.

मी जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली आणि कोळशाने अक्षरं काढली, हातभर उंचीची. एकदा मनासारखी आली नाहीत म्हणून पुसून पुन्हा काढली. हे रंग आणायला बाजारात गेले. मिळाले तेवढे सगळे डबे आणले.

निघताना कासीम पायरीवर थांबला. त्याला मी विचारलं, "तू निघालास तेव्हा ते काय करत होते?"

"चिखलात होते, गुडघ्यापर्यंत. आमच्या बोटीवरचं एक जुनं होकायंत्र मी त्यांना दिलंय. खाली लोखंड असलं की सुई जागची हलते. ते हातात धरून पाऊल पाऊल चालले होते. माझी होडी जवळून गेली. मी हाक मारली, एकदा नाही, दोनदा. त्यांनी बघितलं नाही. सुई हलत होती बहुतेक."